पेरण्याचा खांब, बसऱ्याची भिंत

पुण्याहून नगरकडे जाताना पेरणे फाटा मागे पडतो आणि भीमेचा पूल येण्याआधी दगडी जयस्तंभ दिसतो. ईस्ट इंडिया कंपनीने 26 मार्च 1821 रोजी त्याचा पाया घातला. 1 जानेवारी 1818च्या कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची 49 नावे त्यावर आहेत, आणि त्यांत साधे शिपाईही आहेत. त्या काळात युरोपातसुद्धा लढाईत पडलेल्या साध्या शिपायाचे नाव दगडावर कोरण्याची रीत फारशी नव्हती.

दुसरे स्मारक इराकात, बसऱ्याजवळ आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगे न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी ते बांधले गेले आणि 1929 मध्ये खुले झाले. त्याच्या भिंतीवर ब्रिटिश शिपायाचे नाव आहे आणि हिंदी अधिकाऱ्याचेही आहे. हिंदी शिपायाचे नाव मात्र नाही. पलटणीचे नाव, तिच्यातल्या अधिकाऱ्यांची नावे आणि खाली 'इतर इतके हिंदी सैनिक' असा आकडा, एवढीच त्याची नोंद. ज्या सत्तेने 1821 मध्ये भीमेकाठी शिपायाचे नाव कोरले, तिनेच शंभर वर्षांनी शट्ट-अल-अरबच्या काठी त्याच मुलखातल्या शिपायाला आकड्यात घातले.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिपाईगिरीचा इतिहास या दोन दगडांच्या मधे पसरलेला आहे. त्यावर इंग्रजीत बरेच आणि मराठीत थोडे लिहिले गेले आहे, आणि जे आहे त्यातले बहुतेक 1818च्या त्या एका दिवसाभोवती फिरते. हा सगळा पट एकत्र पाहिला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. शिपाई स्मरणात राहिला की नाही, हे साम्राज्याने बांधलेल्या स्मारकावर ठरले नाही. त्याच्या नावावर हक्क सांगायला मागे कोण उभे राहिले, यावर ते ठरले.

सुरुवात शिरूरपासूनच करावी लागते. या गावाला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. पुढे या फौजेचे मोठे ठाणे घोड नदीच्या काठी शिरूरला पडले. पुण्याहून नगरच्या वाटेवर असलेली ही जागा दोन्हीकडे नजर ठेवायला सोयीची होती. छावणी आली तसा बाजार आला, घोड्यांच्या पागा आल्या, कंत्राटदार आले आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांना पगाराची चाकरी दाराशी आली.

असईच्या लढाईत नाव कमावलेला कर्नल विल्यम वॉलेस 1809 मध्ये इथेच वारला. शिरूर आणि भोवतालच्या गावांतले लोक त्याला 'सत्पुरुष' मानत, सुगीच्या वेळी त्याच्या थडग्याला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत, अशी नोंद 1885च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. परक्या सरदाराच्या थडग्याला गावाने असा मान दिला. त्याच्या हाताखाली असईला तोफांच्या तोंडी गेलेल्या देशी शिपायांची थडगी कुठे आहेत, हे त्या गॅझेटियरने सांगितलेले नाही.

वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या रात्री, 31 डिसेंबर 1817 रोजी साडेआठच्या सुमारास, कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली. पेशव्याची फौज पुण्याकडे येत होती आणि पुण्यातल्या कर्नल बरने मदत मागितली होती. तुकडीत पहिल्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे 500 शिपाई होते. सोबत पूना ऑक्झिलरी हॉर्सचे अडीच-तीनशे स्वार, दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे 24 गोरे गोलंदाज. रातोरात चाळीसएक किलोमीटर चालून सकाळी दहाच्या सुमारास ही माणसे भीमेच्या कडेला पोचली, तेव्हा समोर पेशव्याची वीस हजारांहून मोठी फौज पसरली होती. स्टाँटनने कोरेगावात आसरा घेतला. प्रत्यक्ष हल्ल्याला अरब, गोसावी आणि पायदळ मिळून दोनेक हजार माणसे आली. रात्रीच्या चालीने थकलेले, उपाशी आणि तहानलेले शिपाई दिवसभर गल्लीगल्लीत झुंजले. पाणी मिळाले ते रात्री, हल्ला ओसरल्यावर. कंपनीच्या जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्याचे कळल्याने पेशवा पुढे निघून गेला आणि स्टाँटन जखमींना घेऊन शिरूरला परतला. कंपनीच्या बाजूचे 275 जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. पेशव्यांच्या बाजूची हानी पाच-सहाशेंची मानली जाते. त्या पडलेल्यांत मराठे, अरब आणि गोसावी होते. त्यांची यादी दगडावर कुठेच नाही, आणि ती खंत कोणाही इतिहासप्रेमी मराठी माणसाला वाटायला हवी.

लष्करी हिशोबाने ही निर्णायक लढाई नव्हे. दोन्ही बाजूंनी मैदान सोडले. कंपनीने मात्र तिला मोठे केले. त्या पलटणीला 'ग्रेनेडियर्स' हा मान आणि 'कोरेगाव' हा रणसन्मान मिळाला, जयस्तंभ उभा राहिला, आणि लढाईत जखमी झालेल्या माळवदकर जमादारांकडे 1824 मध्ये त्याची राखण सोपवली गेली. कारण उघड आहे. पेशवाई नुकतीच बुडाली होती आणि नवी सत्ता या मुलखात आपला धाक व न्याय दोन्ही दाखवू पाहत होती. इमानाने लढणाऱ्याचे नाव सरकार विसरत नाही, ही जाहिरात तिला हवी होती. त्यामुळे ही 49 नावे आपल्यापर्यंत पोचली, आणि ती वाचताना दिसते की त्यांतली 22 महारांची आहेत. ज्यांना गावात वेशीबाहेर राहावे लागत होते, त्यांची नावे मराठ्यांच्या, राजपुतांच्या आणि मुसलमानांच्या नावांशेजारी एकाच दगडावर आली.

पुढली सत्तर वर्षे मुंबईच्या फौजेत महारांची भरती होत राहिली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच फौजेत होते. ही चाकरी नुसत्या पगाराची नव्हती. पलटणीच्या शाळेत वाचायला शिकता येत होते, हाताखाली वरच्या जातीचा शिपाईही असू शकत होता आणि निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन मिळत होते. मग 1892-93च्या सुमारास लष्कराने महारांची भरती बंद केली. हिंदी फौजेचा सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स आणि त्याच्या मताच्या अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या जातींची लढाऊ आणि बिगरलढाऊ अशी वाटणी केली होती. पंजाबी, गुरखे आणि पठाण तिच्यात वर चढले, दक्षिणेतले लोक खाली गेले आणि महार बाहेर काढले गेले. अधिकाऱ्यांनी रचलेली ही वाटणी होती, आणि तिने दोन-तीन पिढ्यांचे नुकसान केले.

याच धक्क्यातून कोरेगावची खरी स्मृती जन्माला आली, असे मला वाटते. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1890च्या दशकात भरतीबंदीविरुद्ध अर्ज केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली आणि तिच्यात महारांच्या लष्करी चाकरीचा दाखला दिला. 1 जानेवारी 1927 रोजी त्यांच्या पुढाकाराने झालेल्या सभेला डॉ. आंबेडकर जयस्तंभाजवळ आले. ह. ना. नवलकरांनी 1930 मध्ये लिहिलेल्या कांबळ्यांच्या चरित्रात या साऱ्या धडपडीची हकिकत सापडते. साम्राज्याने आपल्या विजयासाठी उभारलेला दगड या माणसांनी मानवी हक्काचा पुरावा म्हणून हाती घेतला.

अभ्यासकांमध्ये यावर दोन टोके आहेत. श्रद्धा कुंभोजकरांनी दाखवले आहे की एकाच स्मारकावर दोन वेगळ्या स्मृती उभ्या आहेत. साम्राज्याची स्मृती साम्राज्याबरोबर विरली आणि दलितांची वाढत गेली. फिलिप कॉन्स्टेबल यांनी महार-चांभार शिपायांची परंपरा आणि तिला लष्करातून कसे ढकलले गेले, हे कागदपत्रांतून मांडले. आनंद तेलतुंबड्यांनी मात्र 2018 मध्ये इशारा दिला की 1818चे शिपाई पगारावर लढत होते, त्या लढाईला जातीविरुद्धचे युद्ध म्हणणे म्हणजे मिथक रचणे आहे. मला तेलतुंबड्यांचा तपशील पटतो, निष्कर्ष पूर्ण पटत नाही. 1818ला त्या शिपायाच्या मनात काय होते हे सांगणारा कागद आपल्यापाशी नाही. पण 1910 आणि 1927 मध्ये त्याच्या वंशजांच्या मनात काय होते, हे लेखी आहे. पूर्वजाने पगारासाठी दाखवलेले शौर्य नातू आपल्या माणुसकीचा दाखला म्हणून पुढे करत असेल, तर त्यात खोटे काही नाही. 1 जानेवारी 2018ला, लढाईच्या दोनशेव्या वर्षी, कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि परिसरात जी हिंसा झाली आणि एका तरुणाचा जीव गेला, तिची चौकशी आयोगापुढे गेली. त्या दिवसानंतर या विषयावर शांतपणे लिहिणे अवघड झाले आहे. म्हणूनच इतर तारखांकडेही पाहणे गरजेचे आहे.

त्या तारखांपैकी एक 8 फेब्रुवारी 1857. जून 1817च्या पुणे तहानंतर पेशव्याच्या खर्चाने उभ्या राहिलेल्या पूना ऑक्झिलरी हॉर्सचे पुढे पूना हॉर्स झाले. शिरूरच्या छावणीशी या रिसाल्याचे नाते दीर्घकाळ होते. 1856-57च्या इराण मोहिमेत त्याचे स्वार बुशायरला उतरले आणि त्या दिवशी खुशाबच्या रणात लढले. तिथे तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीने इराणी पायदळाचा चौकोन फोडला, आणि हाती आलेल्या निशाणाचा चांदीचा पंजा पूना हॉर्सचे चिन्ह झाला. त्या चढाईबद्दल दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या मागोमाग त्याच संगिनींवर घोडे घालणाऱ्या देशी स्वारांना तो मिळणे शक्यच नव्हते, कारण डिसेंबर 1911पर्यंत हिंदी सैनिक या सन्मानाला पात्रच धरला जात नव्हता. शौर्याची मोजपट्टीच दोन प्रकारची होती. नंतरच्या लेखकांना 'हिंदी सैनिकांचे योगदान दुर्लक्षित' असे जे आढळते, त्याचे एक मूळ अशा नियमांत आहे. पुरस्कारांच्या याद्यांवरून इतिहास लिहिला की यादीबाहेरची माणसे इतिहासाबाहेर जातात.

पूना हॉर्सबद्दल आणखी एक गोष्ट. पहिले महायुद्ध उजाडेपर्यंत या रिसाल्यात राठोड राजपूत, कायमखानी आणि पंजाबी मुसलमान होते. नाव पुण्याचे राहिले, पण दख्खनी माणूस बाहेर पडला. लढाऊ जातींच्या सिद्धांताने असे कितीतरी ठिकाणी केले. आजही 1965चे तारापोर आणि 1971चे अरुण खेत्रपाल या रिसाल्याच्या परमवीरांमुळे पूना हॉर्स देशाला ठाऊक आहे, आणि त्याचे मूळ घोडनदीच्या परिसरात होते हे शिरूरच्या शाळेतल्या मुलाला सांगायला हरकत नाही.

माणसे पलटणीत का जात होती? याचे उत्तर पावसात आहे. शिरूर आणि दौंड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. आजच्या दौंड तालुक्याचा बराच भाग तेव्हा भीमथडीत मोडत असे. भीमा आणि मुळा-मुठेकाठची गावे सोडली तर ज्वारी-बाजरीचे हे कोरडवाहू रान. 1874च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार घातला आणि 12 मे 1875 रोजी भीमथडीतल्या सुप्याला कर्जखतांची होळी झाली. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात याच पट्ट्यात झाली, हा योगायोग नव्हे. अशा घरातल्या धाकट्या भावाला शिपायाचे महिन्याचे 7 रुपये हा मोठा आधार होता. 1895 मध्ये ते 9 झाले आणि 1911 मध्ये 11. रक्कम लहान होती, पण ती पावसावर अवलंबून नव्हती आणि पोस्टाने घरी येत होती.

दौंडचा वाटा वेगळ्या प्रकारचा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने मुंबई-पुण्याची वाट सोलापूरकडे नेली आणि 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग झाला, तेव्हा भीमेकाठचे हे गाव जंक्शन बनले. नगरचे मोठे लष्करी ठाणे या मार्गाने पुण्या-मुंबईशी जोडले गेले. युद्ध म्हणजे रसद, आणि रसद म्हणजे इंजिने, वाघिणी, कोळसा आणि रात्रपाळी. दौंडचे ड्रायव्हर, फायरमन, पॉइंट्समन आणि गँगमन, त्यांत अँग्लो-इंडियन आणि मराठी दोन्ही, या यंत्रणेचे भाग होते. त्यांना ना पदके मिळाली ना स्मारके. राज्य राखीव पोलीस दलाच्या दोन तुकड्यांची ठाणी आज दौंडला आहेत, त्यामुळे गावाचे गणवेशाशी नाते चालू राहिले आहे.

आता मेसोपोटेमिया. मराठी मुलखाचे खरे महायुद्ध तिथे झाले, आणि मराठी वाचकाला सर्वांत कमी माहिती त्याचीच आहे. 1914च्या नोव्हेंबरात ब्रिटिश-हिंदी फौजा फाओला उतरल्या आणि बसरा घेऊन वर सरकू लागल्या. जनरल टाऊनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांत दख्खनी आणि कोकणी मराठे होते, दख्खनी मुसलमानही होते. पुणे, सातारा, नगर आणि रत्नागिरी हे त्यांचे भरतीचे टापू. 22 नोव्हेंबर 1915ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला ही फौज तुर्कांपुढे अडली, मोठी हानी सोसून मागे हटली आणि 7 डिसेंबरपासून कुत-अल-अमारा गावात वेढली गेली.

हा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शेवटी शेवटी घोडे आणि खेचरे कापून खाण्याची वेळ आली. बहुतेक हिंदी शिपायांनी धर्माच्या आडकाठीमुळे ते मांस नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांची संमती तारेने मागवली गेली, तरी बरेच जण बधले नाहीत. मग भाजीपाल्याविना स्कर्व्ही पसरला. पावसाविना करपणाऱ्या शिरूरच्या रानातून गेलेली माणसे तिथे तैग्रिसच्या पुराच्या चिखलात, भुकेने आणि आजाराने मेली. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे 23,000 माणसे ठार किंवा जखमी झाली आणि तरी वेढा उठला नाही. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 जणांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातून चालत नेणे, रास-अल-ऐनच्या लोहमार्गावर वेठ, आणि वाटेत मरण. या मोहिमेतली औषधोपचाराची व्यवस्था इतकी वाईट होती की 1917च्या चौकशी अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी आलेल्या मॉंटेग्यूंनी 20 ऑगस्ट 1917 रोजी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. आपल्या घटनात्मक इतिहासाची ही पायरी शाळेत शिकवली जाते. तिच्यामागे कुतच्या चिखलात मेलेली माणसे उभी आहेत, हेही तिथेच शिकवले जावे.

रणात फक्त बंदूकवाले गेले नव्हते. युद्ध संपेपर्यंत हिंदुस्थानने सुमारे 8 लाख 77 हजार लढाऊ आणि 5 लाख 63 हजार बिगरलढाऊ माणसे पुरवली. खेचरवाले, पाणके, स्वयंपाकी, मोची, भंगी, डोलीवाले आणि मजूर. तुरुंगातले कैदीसुद्धा शिक्षेत सूट मिळेल या आशेने मेसोपोटेमियात मजूर म्हणून गेले. राधिका सिंघांनी या मजुरांचा इतिहास अलीकडे लिहिला, तो वाचताना कळते की पगार, कपडे, निवृत्तिवेतन आणि दफन या चारही बाबतींत त्यांना खालची पायरी मिळाली. लष्करात शिपाई म्हणून नाकारलेल्या जातींना या कामांवर घ्यायला मात्र कोणाची हरकत नव्हती. माणसे अपुरी पडू लागली तेव्हा 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी केली गेली आणि गरज सरताच 1921पर्यंत मोडली गेली. कांबळ्यांची मागणी मान्य होऊन पुन्हा नाकारली गेली, असे ते झाले.

या साऱ्याचा मराठीत आवाज का नाही? फ्रान्समधून हिंदी सैनिकांनी लिहिलेल्या पत्रांचे सेन्सॉरने केलेले उतारे टिकले आणि डेव्हिड ओमिसींनी त्यांचा संग्रह केला. त्यांत पंजाबचा सूर सर्वांत मोठा आहे. बंगालमधून मोजकीच माणसे रुग्णसेवा पथकात मेसोपोटेमियात गेली, पण त्यांतले शिशिर सर्वाधिकारी लिहिणारे होते, म्हणून कुतचा वेढा आणि रास-अल-ऐनची कैद बंगालीत वाचता येते. मराठी शिपाई संख्येने कितीतरी जास्त होते, पण बहुतेकांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांना लिहिता येत होते त्या पुण्याच्या सुशिक्षितांचे लक्ष राजकारणाकडे होते. टिळकांनी भरतीला विरोध केला नाही, पण हिंदी माणसाला अधिकारपद आणि देशाला स्वराज्य मिळावे ही अट घातली, आणि 1918च्या मुंबईतल्या युद्धपरिषदेत बोलू दिले नाही म्हणून ते सभात्याग करून गेले. शाहू महाराजांनी मराठ्यांच्या भरतीला उघड पाठबळ दिले. दोन्ही भूमिकांमागे विचार होता. दोन्हींत शिपाई हा देवघेवीतला आकडा होता. 19 नोव्हेंबर 1921ला प्रिन्स ऑफ वेल्सने पुण्यात मराठा युद्धस्मारकाची आणि शिवाजी स्मारकाची कोनशिला बसवली. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला शिवछत्रपतींचा देखणा अश्वारूढ पुतळा 1928 मध्ये उभा राहिला, आणि त्यामागे मराठा सैनिकांच्या मरणाचा संदर्भ होता ही गोष्ट पुढे मागे पडली.

जे परत आले त्यांना काय मिळाले? पंजाबात कालव्यांच्या वसाहतींत माजी सैनिकांना जमिनी दिल्या गेल्या. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात तशा वसाहती उभ्या राहिल्या नाहीत. 1918 मध्ये पाऊस गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने मुंबई इलाखा झोडपला. सैनिक परतला तो दुष्काळात आणि साथीत. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत संगमरवराची एक लहान पाटी दिसते. या गावातून इतकी माणसे महायुद्धाला गेली, इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. इथेही आकडाच.

नावे का वगळली गेली, हे आता कागदोपत्री स्पष्ट आहे. बसऱ्याचे स्मारक बांधणाऱ्या युद्धमृतांच्या आयोगाने सर्वांना सारखी वागणूक हे तत्त्व जाहीर केले होते, आणि फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर 1927 मध्ये 4,700हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलीही गेली. युरोपीय लोकांच्या डोळ्यांसमोर तत्त्व पाळले गेले. आफ्रिका आणि पश्चिम आशियात, 'यांच्या समाजात थडग्याला आणि नावाला तेवढे महत्त्व नसते' अशा समजुतीचा आधार घेऊन ते सोडले गेले. आयोगाने एप्रिल 2021 मध्ये स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध करून माफी मागितली. 45,000 ते 54,000 जणांची नोंद असमान झाली, आणि आणखी किमान 1,16,000, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावाने नोंदच झाली नाही, असे तो अहवाल सांगतो. ज्या मुलखात वाडवडिलांची नावे आवर्जून घेतली जातात आणि वीरगळ गावोगावी उभे आहेत, तिथल्या माणसांबद्दल अशी समजूत करून घेणे हा अपमान होता.

दुसऱ्या महायुद्धात चित्र थोडे बदलले. पंचवीस लाखांच्या हिंदी फौजेत मराठा लाइट इन्फंट्री केरेनला, इटलीत आणि सांगशाकला लढली. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे यांना मरणोत्तर, आणि नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांना हयातीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 1 ऑक्टोबर 1941ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता आणि तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर पेरण्याचा जयस्तंभ होता. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या, हिंदुस्थानात मेलेल्या सुमारे दोनशे सैनिकांचीही नोंद आहे. परक्याच्या युद्धात परमुलखात मेलेल्या त्या माणसांसाठी कोणी पुणेकर फूल घेऊन जात असेल, तर बसऱ्याबद्दलची आपली मागणी अधिक खरी होईल.

या शिपायांना देशभक्त म्हणावे की भाडोत्री, हा वाद मला निष्फळ वाटतो. स्वराज्यासाठी लढलेल्यांशी त्यांची बरोबरी करायची नाही, आणि त्यांच्या बंदुका कित्येकदा आपल्याच किंवा इराणी-इराकी लोकांवर रोखल्या गेल्या हे लपवायचेही नाही. पण ज्यांनी त्यांना पाठवले, त्यांनी त्यांच्या श्रमावर राज्य चालवले, आणि ज्यांच्यातून ते गेले त्यांनी त्यांच्या मनिऑर्डरीवर घरे चालवली. दोघांवरही त्यांचे नाव लावण्याचे ऋण आहे.

ते फेडण्याचे काम आता शक्य आहे. पंजाबच्या गावोगावच्या सैनिकांची नोंदणीपुस्तके लाहोरच्या संग्रहालयात होती. ती गेल्या काही वर्षांत संगणकावर आली आणि परदेशातल्या पंजाबी घरांना पणजोबा सापडू लागले. शिरूर-दौंडसाठी अशी गाववार यादी तयार करायला पहिला आधार युद्धमृत आयोगाच्या संकेतस्थळाचा. तिथल्या हिंदी सैनिकांच्या नोंदींत अनेकदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा येतो, पण इंग्रजांनी जसे ऐकले तसे. म्हणून सध्याच्या रूपासोबत शिरूरसाठी 'सिरूर', दौंडसाठी 'धोंड' आणि जुन्या हद्दीसाठी 'भीमथडी' अशी शोधाशोध करावी लागते. सापडलेले नाव गावातल्या जुन्या माणसांना, बेळगावच्या मराठा रेजिमेंट केंद्राच्या कागदांना आणि तहसीलमधल्या हक्कनोंदींना लावून पाहावे लागते. तळेगाव ढमढेरे, पाबळ, न्हावरे, कर्डे, पाटस, यवत, केडगाव, राहू या गावांतल्या माध्यमिक शाळांनी आपापल्या पंचक्रोशीपुरते एवढे काम हाती घेतले, आणि ग्रामपंचायतींनी सापडलेल्या नावांची पाटी वेशीवर लावली, जातीची विभागणी न करता, मजूर-खेचरवाल्यांसकट, तर बसऱ्याच्या भिंतीवरचे ते आकडे या दोन तालुक्यांपुरते तरी उलगडायला लागतील.